सहा चिमट्यांचं आवाज शोधायचं किट: जुन्या जिप्सीवर कितपत चालतं?

चिमट्याला मायक्रोफोन, त्याला लांब वायर, सगळ्या वायरी एका डब्यात आणि डब्यावर फिरवायचं बटन. चालत्या गाडीत हेडफोन लावून एकेका चिमट्याचा आवाज ऐकायचा. चाकाच्या बेअरिंगची घरघर किंवा डिफरन्शियलची (दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याची) शिट्टी शोधायला किट एक नंबर. पण जुन्या जिप्सीत क्लच सोडताना येणाऱ्या ‘खट्ट’ आवाजासाठी घेणार असाल, तर जरा दमानं.

डबा एका वेळी एकच चिमटा ऐकवतो आणि खट्ट क्षणात संपतो. त्यामुळे प्रत्येक चिमट्यासाठी गाडी पुन्हा थांबवा, पुन्हा क्लच सोडून निघा. स्वारगेटच्या गर्दीत हे जमत नाही. मोकळा रस्ता आणि सोबत चालवणारा हवाच. शिवाय हा आवाज चेसिसमधून सगळीकडे पसरतो, म्हणून सहाही चिमटे थोडेफार बोलतातच. सर्वांत मोठा आवाज कुठे, एवढाच अंदाज येतो. वायरी सायलेन्सर आणि चाकांकडे ताकद नेणाऱ्या फिरत्या शाफ्टपासून लांब बांधायच्या, नाहीतर पहिल्याच फेरीत किट संपलं.

किट घेण्याआधी ही तपासणी फुकटात होते: सपाट जागा, चाकांना पुढे-मागे दगड, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. खाली जाऊन क्रॉसच्या (शाफ्टच्या टोकाला असलेल्या अधिकच्या चिन्हासारख्या सांध्याच्या) दोन्ही बाजूंचे योक, म्हणजे त्याला धरणारे दुभागलेले फाटे, दोन हातांनी धरून उलटसुलट पिळा. क्रॉसमध्ये जराही प्ले (ढिलेपणा) चालत नाही. क्रॉसच्या टोकावरच्या टोपीभोवती तांबूस भुकटी दिसली तर आतल्या बेअरिंगच्या सुया कोरड्या पडल्यात, क्रॉस गेला. जिप्सीचा ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांकडे ताकद वाटणारा डबा) गिअरबॉक्सपासून वेगळा असल्यामुळे मधला आखूड शाफ्टही तपासायचा. नेमका तोच बऱ्याचदा राहतो.

क्रॉस घट्ट निघाले तर ट्रान्सफर केसची रबरी माउंटिंग पाहा. रबर फाटलं की क्लच सोडताच अख्खा केस उसळतो. पहारीने हलकं रेटलं की कळतं. सिग्नलला गाडी थांबता थांबता ठक वाजत असेल तर स्लिप जॉइंटचे (शाफ्ट लांब-आखूड होऊ देणाऱ्या सरकत्या जोडाचे) स्प्लाइन, म्हणजे खाचा, कोरडे असतात, ग्रीस मारलं की बहुतेक वेळा गप्प. ब्रेक मारताना वाजलं तर पाट्यांच्या स्प्रिंगचे यू-बोल्ट आणि बुश पाहा. डिफरन्शियलचं नाव सगळ्यांत शेवटी घ्या. त्यातल्या क्राऊन-पिनियन या गिअरच्या जोडीत थोडा प्ले मुळातच ठेवलेला असतो, तो पाहून लगेच काम काढू नका. आणि डांबरी रस्त्यावर फोर-व्हीलमध्ये वळवताना धडाधड होत असेल तर तो बिघाड नाही. पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मध्ये डिफरन्शियल नसलेल्या गाडीचं ते होणारच.

शाफ्ट काढण्याआधी दोन्ही फ्लँज (बोल्टने जोडायच्या चकत्या) आणि स्प्लाइनवर रंगाची खूण करा. योक एका रेषेत बसले नाहीत तर खट्ट जाऊन थरथर येते. नाना पेठेत सुटे भाग घ्यायला जुना क्रॉस सोबत न्या; टोपीचा व्यास आणि टोपीपासून टोपीपर्यंतची लांबी व्हर्नियरने ताडून घ्या. ग्रीस भरायचं निपल असलेला क्रॉस बरा. ग्रीस चारही टोप्यांतून बाहेर येईपर्यंत भरायचं. एका टोपीतून आलं नाही तर तो क्रॉस परत करा.

रोज पाच-सहा गाड्या बघणाऱ्या गॅरेजने किट जरूर घ्यावं. एका जिप्सीच्या मालकाला त्याच पैशात चांगली ग्रीस गन आणि दोन भक्कम स्टँड जास्त कामाला येतील.