गच्ची गळतेय: ठेकेदाराची मोफत पाहणी की इंजिनिअरची सशुल्क?

मावसबहिणीच्या छताला ओल आलीय. वॉटरप्रूफिंगवाला फुकट बघून जातो म्हणतो, स्ट्रक्चरल इंजिनिअर फी मागतो. तिचा प्रश्न: कुणाला बोलवू?

खर्चाचं आधी. मोफत पाहणीचा खर्च पुढच्या कोटेशनमध्ये निघतोच. शिवाय ज्याच्याकडे केमिकल कोटिंग आहे त्याला प्रत्येक गळतीवर कोटिंगच सुचतं. इंजिनिअरला काम विकायचं नसतं (त्याचा ठरलेला ठेकेदार नाही ना, हे मात्र विचारून घ्या).

खरा फरक तपासणीत आहे. ठेकेदार वरून पाहतो: भेगा, उखडलेला चायना मोझॅक, पॅरापेटचा (गच्चीच्या कठड्याचा) सांधा, पावसाळी पाइपाचं तोंड. बऱ्याच गळत्या इथेच सापडतात, हेही खरं. पण खालून प्लॅस्टर फुगलंय, गंजाचे तांबूस डाग आहेत, सळई दिसतेय, तर प्रश्न पाण्यापुरता उरत नाही. इंजिनिअर ठोकून पोकळ जागा शोधतो, गरज पडल्यास रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक चाचणी (काँक्रीट न फोडता त्याचा दर्जा तपासण्याच्या पद्धती) करतो. गंजलेल्या सळईवर वरून कितीही कोटिंग मारा, आतला गंज तसाच राहतो.

वेळेत ठेकेदार सरस. लेखी अहवालात इंजिनिअर, आणि सोसायटीच्या सभेत तोच कागद चालतो.

इमारत नवी, ओल एका कोपऱ्यात: दोन-तीन ठेकेदार बोलवा, गच्चीवर पाणी साठवून चाचणी करायला लावा. इमारत पंधरा वर्षांपुढची किंवा सळई उघडी: आधी इंजिनिअर. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमांनुसार) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि त्यापुढे दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचंच असतं. ते राहिलं असेल तर सोसायटीकडूनच करून घ्या, एकटीने फी भरू नका.