आठ महिन्यांनंतर: स्लाइडवाला ट्रेलर, काळी जमीन आणि सहा इंची पाटी

मागच्या सोमवारी वर्कशॉपचं शेवटचं उत्तर आलं. आमच्या ट्रेलरच्या, म्हणजे गाडीमागे ओढायच्या फिरत्या घराच्या, स्लाइडचा (बाहेर सरकणाऱ्या भागाचा) गिअर वॉरंटीत बसत नाही, कारण ट्रेलर ‘असमतल जागेवर’ उभा होता. साडेआठ हजार रुपये माझ्या खिशातून गेले. कापूस विकून आणलेला पैसा आहे, त्यामुळे जीव तुटतोच. पण त्याहून जास्त राग मला जॅकखालच्या एका सहा इंची पाटीचा आहे. तिच्याबद्दल कोणीच लिहीत नाही, म्हणून मी लिहितो आहे.

असे ट्रेलर आतून कसे असतात ते तुम्ही व्हिडिओत पाहिलंच असेल. आमचा चौदा फुटी, दोन आसांचा, एका बाजूला अडीच फूट बाहेर सरकणारी स्लाइड, चार कोपऱ्यांना चार सीझर जॅक (कात्रीसारखे उघडणारे) आणि पुढे गाडीला जोडायच्या दांड्याला एक उभा जॅक. पोळ्याच्या सुमारास घेतला. हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या गावाहून आतापर्यंत बोर, नवेगावबांध, चिखलदरा आणि दोनदा ताडोब्याची मोहर्लीकडची बाजू एवढं फिरलो. बाकीचे दिवस तो वावरातच उभा असतो. रानडुकरांच्या जागलीला मचाणापेक्षा तो बरा.

स्लाइडचा हट्ट मी धरला तो मायसाठी. तिचे गुडघे गेले आहेत, खाली बसणं होत नाही. स्लाइड बाहेर आली की तिचा पलंग बाहेरच्या भागात जातो आणि मधे तिला काठी टेकत संडासापर्यंत जायला वाट मिळते. माय त्या भागाला ‘छपरी’ म्हणते. नवेगावबांधला तिने छपरीतून पहाटेचा तलाव पाहिला, हात जोडले आणि बराच वेळ काही बोलली नाही. त्या एका सकाळीसाठी मी हा ट्रेलर पुन्हा घेईन, हे आधीच सांगून ठेवतो. पुढची तक्रार वाचताना ते लक्षात असू द्या.

आता नोव्हेंबरची गोष्ट. ट्रेलर वावरात धुऱ्याजवळ लावला होता. लावताना पाणसळ ठेवून सगळं बरोबर केलं होतं, बुडबुडा मधोमध होता. शेजारच्या वावरात हरभरा होता आणि त्या आठवड्यात आमच्या फीडरला वीज रात्रीची होती. रात्री लाईट आली, स्प्रिंकलर सुरू झाले आणि धुऱ्याखालून पाणी आमच्या बाजूला मुरत राहिलं. आम्ही झोपेत. तीनच्या सुमारास मायनं हाक मारली.

“बापू, माह्यं डोस्कं खाली जाऊन राह्यलं.”

मी म्हटलं, उशी सरकली असेल, झोप. सकाळी पाहिलं तर स्लाइडच्या बाजूचे दोन्ही जॅक मातीत रुतलेले, मागचा तर पाटी दिसेना इतका. बटण दाबलं. स्लाइड चार बोटं आत आली, मोटर गुरगुरली, आतून कड्कन आवाज आला आणि सगळं थांबलं. अडीच फुटांची खोली बाहेर लटकलेली, आणि दुपारी मायला डॉक्टरकडे न्यायचं होतं. शेवटी पुढचा दांडा आणि रुतलेली बाजू बॉटल जॅकने वर घेतली, पाणसळ पुन्हा मधे आणली आणि हाताच्या हँडलने स्लाइड इंच इंच आत घेतली. सव्वा तास लागला.

पहिला महिना मी मोटरलाच दोष देत होतो. वर्कशॉपला फोन केला तर तिकडचा मुलगा म्हणाला, “सर, बॅटरी लो असेल.” बॅटरी मोजून दाखवली, बारा पॉइंट सहा व्होल्ट होती. मग म्हणाला, फोटो पाठवा. फोटो पाठवले, व्हिडिओ पाठवला, त्यानंतर अकरा दिवस फोन नाही. बाराव्या दिवशी वरचे साहेब बोलले. जागा सपाट हवी हे माहितीपत्रकात लिहिलेलं आहे, म्हणाले. लिहिलेलं आहे, खरं आहे. रात्री बरोबर लावलेली जागा सकाळी का बदलते, हे मात्र त्यात कुठे नाही.

गिअर काढल्यावर गावातल्या वेल्डरने दाखवलं तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. स्लाइडचा डबा चेसिसखालच्या दोन रुळांवर सरकतो. एक कोपरा खाली गेला की चेसिसला पीळ पडतो, डबा तिरका होतो, एका बाजूचा रूळ घासतो आणि सगळा जोर एकाच गिअरवर येतो. मोटर बिचारी ओढतच राहते. त्यात स्लाइड बाहेर असताना पलंग, गादी आणि माणसाचं वजन चाकांपासून आणखी लांब गेलेलं असतं, म्हणजे त्याच बाजूवर भार वाढलेला असतो. स्लाइड काढण्याआधी पाहिलेली पाणसळ स्लाइड काढल्यानंतर तशी राहत नाही ती याच कारणाने. मी आता दोनदा पाहतो, आधी आणि नंतर.

आता त्या पाटीकडे येतो. जॅकच्या बुडाशी लोखंडी पाटी आहे, सहा इंच बाय सहा इंच, म्हणजे छत्तीस चौरस इंच. एका जॅकवर चारशे किलो आले असं धरा. दर चौरस इंचावर अकरा किलो झाले. डांबरावर किंवा फरशीवर हे काहीच नाही. आमची जमीन वेगळी. बेसॉल्ट झिजून झालेली ही काळी माती, तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसते. कोरडी असताना कुदळ उडवते, ओली झाली की पायातली चप्पल ओढून घेते. अशा मातीवर सहा इंची पाटी म्हणजे लोण्यात सुरी. ज्याने हा जॅक बसवला त्याने एकदा तरी पावसाळ्यात वर्धा, यवतमाळ किंवा अमरावतीच्या वावरात उभं राहून पाहायला हवं होतं. ट्रेलर इथे विकायचा आणि पाटी मात्र सिमेंटच्या अंगणासाठी द्यायची, हे मला पटत नाही. मी हे त्या साहेबांना तीनदा सांगितलं, एकदा लिहून दिलं.

उपाय गावच्या वाढयाने (सुताराने) दिला. तो जॅककडे पाहून म्हणाला, “भाऊ, खांब गाडतो तवा खाली चीप टाकतो का नाही आपण? मंग याले काहून नाही?” त्याने बाभळीच्या दोन इंच जाडीच्या फळ्या जोडून अठरा इंच चौरस पाट करून दिले, खाली दोन आडव्या पट्ट्या मारून. अठरा बाय अठरा म्हणजे तीनशे चोवीस चौरस इंच, नऊ पट जागा. तेच चारशे किलो आता चौरस इंचाला सव्वा किलोच्या आसपास. चार पाट, लाकूड घरचं, मजुरी आठशे रुपये. विक्रेत्याने मला याच प्रश्नावर आपोआप सपाट होणारी हायड्रॉलिक यंत्रणा सुचवली होती, लाखाच्या वर. ती घेतली असती तरी तिच्या पायाखालीसुद्धा पाट लागलेच असते.

इथपर्यंत वाचून दोष सगळा पाटीचा वाटेल. मलाही जानेवारीपर्यंत तसंच वाटत होतं. चिखलदऱ्याला गेलो तेव्हा मत थोडं बदललं. हजार मीटरच्या वरचं गाव, पायाखाली मातीचा पातळ थर आणि लगेच खडक. तिथे जॅक रुतण्याचा प्रश्नच नाही. तरीही दुसऱ्या दिवशी दार घासायला लागलं. शेजारी पुण्याहून आलेलं एक जोडपं होतं, त्यांच्याकडे जुना ट्रेलर. त्या ताई मला म्हणाल्या, “दादा, तुम्ही या जॅकने गाडी उचलता आहात का?” उचलतच होतो. डावी बाजू दोन-अडीच इंच खाली होती, ती मी कोपऱ्याच्या जॅकने वर घेतली होती. वावरातही पहिल्या दिवसापासून तेच करत आलो होतो.

कोपऱ्याचे जॅक उचलण्यासाठी नसतात. ते ट्रेलर हलू नये म्हणून असतात, जमिनीला टेकले की अर्धा-पाऊण फेरा आवळायचे आणि सोडायचे. उंची चाकाखाली द्यायची. ट्रेलर गाडीला जोडलेला असतानाच आडवी (डावी-उजवी) पाणसळ पाहायची, खालच्या बाजूची चाकं फळीवर चढवायची, आणि आस दोन असतील तर त्या बाजूची दोन्ही चाकं. टायरचा तळ पूर्ण फळीवर बसला पाहिजे, काठावरून लोंबता कामा नये. मग दोन्ही बाजूंच्या चाकांना पुढून-मागून गुटके, मगच गाडी सोडायची. लांबीची (पुढची-मागची) पाणसळ दांड्याच्या जॅकने. त्यानंतर जॅक टेकवायचे आणि स्लाइड काढायची. या शेवटच्या दोन कामांत आधी कोणतं, ते बनवणाऱ्यावर असतं, तुमच्या पुस्तकात पाहा. निघताना आमच्याकडे स्लाइड आधी आत, जॅक नंतर वर.

म्हणजे नोव्हेंबरच्या त्या रात्री जॅकवर चारशे किलो आले ते निम्मे माझ्यामुळे. भार चाकांवर असता तर पाटी रुतली असती तरी एवढी रुतली नसती, चेसिसला एवढा पीळ पडला नसता. हे मी वर्कशॉपलाही प्रामाणिकपणे सांगितलं, आणि त्यांनी तेच वाक्य माझ्याविरुद्ध वापरलं. तरी माझं म्हणणं कायम आहे. ट्रेलर ताब्यात देताना त्यांनी टीव्ही कसा लावायचा हे वीस मिनिटं दाखवलं. जॅक कशासाठी आहे हे दोन मिनिटं दाखवलं असतं तर गिअर वाचला असता.

मोजमापाचं थोडं. ट्रेलरच्या आत ठेवलेली पाणसळ ट्रेलर लावल्यानंतर उपयोगाची, जागा निवडताना नाही. मी गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी ठेवली आहे, दहा मीटर, पाणी भरून. दोन टोकं दोन चाकांच्या जागी धरली की किती इंचांची फळी लागेल ते गाडी आणण्याआधीच कळतं. सहा-साडेसहा फुटांच्या रुंदीत एक अंशाचा कल म्हणजे जेमतेम साडेतीन सेंटीमीटर. तेवढा कल मला झोपेत कळत नाही. मायला कळतो.

फ्रिज आमचा कॉम्प्रेसरचा आहे, त्याला थोडा कल चालतो. गॅसवर चालणारा अमोनियाचा फ्रिज असेल तर फार सांभाळा, त्यात द्रव उतारानेच वाहत असतो आणि तिरका ठेवून चालवला तर बिघडतो.

एप्रिलमध्ये आणखी एक धडा मिळाला. उन्हाळ्यात हीच जमीन भेगाळते, कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा. पाट भेगेच्या कडेला ठेवला होता, दोन दिवसांत कड ढासळली आणि पाट कलला. आता पाट भेगेवर आडवा ठेवतो, दोन्ही काठांवर टेकेल असा. वावरातली कायमची जागा मात्र खणून काढली आणि दोन ट्रॉली मुरूम टाकून, पाणी मारून ठोकून घेतली. त्या चौकटीत पंधरा दिवस झाले, बुडबुडा हललेला नाही. 2021 मध्ये राज्याने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. आमच्या भागात कोणी शेतकरी ट्रेलरसाठी जागा करत असेल तर त्याने विजेच्या आणि पाण्याच्या जोडणीआधी मुरूम टाकावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

घ्यावा का, असं गावात तिघांनी विचारलं. घरात म्हातारं माणूस असेल तर स्लाइडसकट घ्या, मी ठामपणे सांगतो. दोघेच तरुण फिरणार असाल तर स्लाइड नको. तेवढी मोटर, रूळ, रबर, सगळ्याची काळजी वाचते. बांधणी चांगली आहे, पावसात कुठे गळलं नाही, आसांना काही झालं नाही. विक्रीनंतरच्या सेवेला मी दहापैकी तीन देतो, आणि ते तीन गिअर पोचवून देणाऱ्या ड्रायव्हरचे, तो रात्री दहाला वावरापर्यंत आला.

नवा गिअर बसून दहा दिवस झाले. चार पाटांपैकी एकाला खालून उधई लागली आहे. वाढयाला सांगून ठेवलं आहे, मिरगाच्या आधी तो बदलून घ्यायचा आणि चारही पाटांना जळकं ऑईल पाजायचं. पावसाळ्यात माय छपरीतच झोपणार म्हणते.