५ वॅटचा निळा लेसर, जुने सर आणि एकच किल्ली: सात महिन्यांच्या वापरानंतर

४५० नॅनोमीटरचा लेसर डायोड, कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर (डायोडला ठरावीक करंट पुरवणारं सर्किट), तीन भिंगांची लेन्स आणि किल्लीचं स्विच, एवढीच ही जोडणी. वापरणारे दोघे: शाळेत भौतिकशास्त्र शिकवलेले सर आणि त्यांचा विद्यार्थी. डायोड दणकट निघाला. जास्त मेहनत लागली ती दोघांनी मिळून वापरायची शिस्त बसवायला.

५०० मिलिवॅटच्या वरचा लेसर क्लास ४ मध्ये, म्हणजे सगळ्यात धोकादायक वर्गात येतो. इथे भिंतीवर पडलेला ठिपका जवळून पाहणंही डोळ्याला घातक ठरू शकतं. त्यामुळे गॉगल दोन हवेत, आणि दोन्हींवर ४५० नॅनोमीटरला ओडी ५ किंवा जास्त असं छापलेलं हवं. ओडी म्हणजे ऑप्टिकल डेन्सिटी, गॉगल किती प्रकाश अडवतो त्याचं माप. ओडी ५ म्हणजे एक लाखावा भाग आत येतो: ५ वॅटचे ५० मायक्रोवॅट उरतात. सरांना नंबरचा चष्मा असेल तर चष्म्यावरून बसणारा गॉगल घ्या. बाजूला फट राहिली तर उपयोग नाही. एक गोष्ट उशिरा लक्षात येते. नारिंगी गॉगलमधून लेसर चालू असल्याचं दाखवणारा निळा दिवा (इंडिकेटर) दिसतच नाही, लेसर चालू असूनही बंद वाटतो. तो दिवा बदलून लाल एलईडी लावा. खोलीतले दिवेही चालूच ठेवा, म्हणजे बाहुली लहान राहते.

किल्ली एकाच्याच हातात, आणि ज्याचा हात बीमच्या वाटेजवळ आहे त्याच्याकडे ती नसावी. सुरू करताना एकाने ‘चालू’ म्हणायचं, दुसऱ्याने ‘हो’ म्हटल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. खरी अडचण आदराची असते. ‘सर, थांबा’ म्हणायला जीभ अडखळते आणि तेवढ्यात सर वाकून पाहायला लागतात. तेव्हा आधीच ठरवून टाका: ‘बंद’ हा शब्द कुणीही उच्चारला की किल्ली बंद, कारण नंतर विचारायचं. शिकवणाऱ्यांना हातातल्या पेनाने दाखवायची सवय असते. स्टीलचं पेन किंवा पट्टी बीममध्ये गेली की परावर्तन कुठल्या कुठे जातं. म्हणून दाखवायला खडबडीत लाकडी काडी ठेवा. घड्याळ आणि अंगठी काढून ठेवा.

सरांचा पहिला आग्रह बहुतेक वेळा ग्रेटिंगचा, म्हणजे बारीक समांतर रेघांच्या फिल्ममधून प्रकाश फाकवण्याचा असतो. मिलिमीटरला ५०० रेघांच्या ग्रेटिंगवर पहिला ऑर्डर (मधल्या बीमच्या बाजूला फुटणारा पहिला बीम) १३ अंशांवर येतो, म्हणजे १ मीटरवर मधल्या ठिपक्यापासून सुमारे २३ सेंटिमीटर. हिशेब सुरेख जमतो. पण याच ग्रेटिंगमधून दोन्ही बाजूंना चार-चार ऑर्डर निघतात, मधला धरून नऊ बीम, आणि चौथा ६४ अंशांवर जवळजवळ बाजूच्या माणसाकडे जातो. पूर्ण करंटवर यातला प्रत्येक बीम धोक्याचा, शिवाय प्लास्टिकची फिल्म वितळते ती वेगळी. हा प्रयोग १ मिलिवॅटच्या पॉइंटरवरच करा. मोठ्या लेसरचा बीम थांबवायला भट्टीची खडबडीत वीट उत्तम. रंगवलेला पत्रा नको, रंग जळून धूर होतो.

होलोग्रामची आशा मात्र सोडा. असा मल्टिमोड डायोड एकाच तरंगलांबीचा नाही, तर साधारण २ नॅनोमीटर पसरलेला प्रकाश देतो, त्यामुळे कोहिरन्स लांबी (जेवढ्या अंतरापर्यंत प्रकाशलहरी एकमेकींशी जुळून राहतात ती) जेमतेम ०.१ मिलिमीटर भरते. बीम दोन वाटांनी पाठवून परत एकत्र आणला की दिसणाऱ्या मायकेलसनच्या पट्ट्याही दोन वाटांच्या लांबीतल्या एवढ्याशा फरकात नाहीशा होतात. बीमही लांबवर गोल न राहता रेघ होतो. तो आवरायला सिलिंड्रिकल भिंगांची जोडी लागते.

आता बिघाड. ४.३ व्होल्ट आणि ३ अँपियर म्हणजे जवळपास १३ वॅट आत जातात. ५ वॅट प्रकाश सोडला तर ८ वॅट उष्णता उरते. हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) हाताला कोमट लागला की विश्रांती द्या. लेन्सवरची धूळ बीममध्ये जळून काळा ठिपका बनते, तो ठिपका आणखी तापतो आणि कोटिंग जातं. फुंकर मारू नका, थुंकीचे कण बसतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेला लेन्स टिश्यू एकदाच, एकाच दिशेने ओढा, आणि पूर्ण वाळल्यावरच किल्ली फिरवा.

सगळ्यात महाग चूक वायरची. ड्रायव्हर चालू असताना डायोडची वायर निसटली तर आउटपुट कपॅसिटर चढ्या व्होल्टेजला भरून बसतो. तीच वायर परत टेकवली की त्या झटक्यात डायोड मरतो. सप्लाय काढा, कपॅसिटर रेझिस्टरने रिकामा करा, मीटरवर शून्य पाहा, मगच जोडा. आणि जोड सोल्डरचा डाग देऊनच करा, नुसता पीळ मारून नाही.