पीशियानचं डोबानजियांग: सिचुआनी स्वयंपाकासाठी आधी हे आणा

घरी मापो टोफू (चीनच्या सिचुआन प्रांतातला झणझणीत टोफू) करायचा मनात असेल तर सगळ्यात आधी डोबानजियांग, म्हणजे बाकला आणि मिरचीचं आंबवलेलं वाटण, आणा, बाकीचं नंतर बघू. सिचुआनी स्वयंपाकाच्या बाटल्या-बरण्यांची यादी लांबलचक असते. त्यातल्या निम्म्या वस्तूंवाचून भागतं, याच्यावाचून नाही. मी सिंगापुरात राहते आणि चायनाटाउनच्या पीपल्स पार्क कॉम्प्लेक्समधून ज्वानचेंग ब्रँडचं पाकीट आणते. आता दुसरं काही घ्यावंसं वाटत नाही.

पीशियान म्हणजे सिचुआनची राजधानी चेंगडू, तिचाच एक भाग. हल्ली त्याला पीडू म्हणतात. तिथे बाकला (फावा बीन) आंबवतात, लाल मिरच्या मिठात खारवतात आणि दोन्ही एकत्र करून मातीच्या रांजणांत मुरत ठेवतात. दिवसा ऊन, रात्री दव, मधूनमधून ढवळणं, आणि पाऊस आला की झाकण. वर्ष-दोन वर्षं मुरलं की लाल रंग तपकिरीकडे झुकतो. म्हणून दुकानात चमकदार लाल रंगाला भुलू नका. ‘रेड ऑइल’ लिहिलेला प्रकार कमी मुरलेला आणि तेलातला असतो. रंग सुरेख येतो, पण जिभेवर चव रेंगाळत नाही. घटकांची यादीही वाचाच: मिरची, बाकला, मीठ, गव्हाचं पीठ. भलत्याच एका कंपनीच्या बाटलीत साखर आणि लसूणही होता. त्या टोफूला केचपची चव आली. मांस-मासळी यात नसते, पण गहू असतो, हे ज्यांना गहू चालत नाही त्यांनी लक्षात ठेवावं.

पाकीट उघडलं की मुरलेल्या लोणच्याच्या बरणीसारखा वास येतो. आत घट्ट गोळा, त्यात बाकल्याचे मोठे तुकडे आणि मिरचीच्या लांब साली. हे तसंच कढईत घालायचं नाही, आधी सुरीने बारीक चिरायचं. मग तीन-चार चमचे तेल, आच मंद, आणि त्यात दोन चमचे डोबानजियांग. सगळी करामत इथेच आहे. आच मोठी झाली तर ते करपून कडू होतं. धीर धरून परतलं तर दोनेक मिनिटांत तेल लालभडक होतं आणि कच्चा वास जातो. मग आलं, लसूण, खारवलेले काळे सोयाबीन, थोडं पाणी, आणि मिठाच्या गरम पाण्यात ठेवलेला टोफू, म्हणजे तो फुटत नाही. कॉर्नफ्लोअरचं पाणी एकदम ओतू नका, दोन-तीनदा थोडं थोडं घाला. चेंगडूत यात गोमांसाचा खिमा असतो. मी चिकनचा घालते, उपासाच्या आगेमागे शिताके मशरूम. वरून मीठ मात्र चिमूटभरही नको, डोबानजियांग मुळातच खारट असतं.

शेवटी भाजून कुटलेली सिचुआन मिरी. माझं माहेर वेंगुर्ल्याचं, त्यामुळे ओठांवरच्या या झिणझिण्या मला परक्या वाटल्याच नाहीत. तिरफळ आणि सिचुआन मिरी दोन्ही झँथोझायलम या एकाच वनस्पती-वंशातली. दोन्हींचं काळं बी टाकून द्यायचं आणि साल वापरायची. बांगड्याच्या तिखल्यात आपण तिरफळं ठेचून घालतो आणि जेवताना बाजूला काढतो; इथे पूड करून खातात, एवढाच फरक. मिरी संपली की मी तिरफळाची साल भाजून वापरते. वास थोडा वेगळा येतो, पण पदार्थ बिघडत नाही.

डोबानजियांगच्या जागी मात्र काहीच चालत नाही. बाजारातली शेजवान चटणी लसूण-व्हिनेगरची असते, मुरवलेली नसते. फ्राइड राइसला छान, मापो टोफूला निरुपयोगी.

पाकिटाला झिप नसते, म्हणून उघडल्यावर काचेच्या बरणीत भरा, फ्रिजमध्ये ठेवा आणि चमचा कोरडाच वापरा. महिनोन्‌महिने टिकतं. एकदा घरात आलं की बटाट्याच्या रश्शात, नूडल्सवर, दोनदा शिजवलेल्या पोर्कमध्ये, सगळीकडे उपयोगी पडतं. युशियांग वांगी या सिचुआनी भाजीला खरं तर खारवलेल्या लाल मिरच्या लागतात, पण त्या नसतील तर हेच घाला, प्रमाण निम्मं ठेवून.