दिल्लीचं समुद्राचं बुलेटिन चार वर्षं रोज बघितलं, त्याबद्दल (खानापुरातनं)

बेळगावजवळच्या खानापूरच्या माणसाला समुद्राचं काय पडलंय असं मला घरातलेच विचारतात, आमची नदी मलप्रभा, समुद्र म्हणजे वर्षातनं एकदा गोवा. पण माझी वीटभट्टी आहे आणि थोडं भात आहे, आणि मे महिन्यात नाहीतर दिवाळीच्या तोंडावर दोन-दोन तीन-तीन दिवस जो पाऊस हटत नाही तो गोवा-कारवारसमोरच्या समुद्रात काहीतरी शिजल्याशिवाय सहसा येत नाही, हे मला २०२१ साली कळलं. तेव्हापासनं हवामान खात्याचं ट्रॉपिकल वेदर आउटलुक रोज बघतोय. पैसे लागत नाहीत, खात्याच्या वेबसाईटवर चक्रीवादळाच्या भागात मिळतं.

२०२१ चं सांगतो आधी. तौक्ते वादळ, मे महिना, १५-१६ तारीख. माझ्या फोनमध्ये एक हवामानाचं ॲप होतं, नाव घेत नाही, त्यात खानापूरवर एक ढग, त्याखाली दोन थेंब आणि ४० टक्के एवढंच. ४० टक्के म्हणजे काय समजायचं ओ माणसानं? मी ताडपत्र्या अर्ध्याच रचावर टाकल्या. रात्री वारं सुटलं, पाऊस आडवा. सकाळी बघतो तर उघड्या रचातल्या कच्च्या विटांच्या कडा गोल झालेल्या, साच्यातली अक्षरं पुसून गेलेली, खालचे दोन थर एकमेकांत बसून नुसता चिखल. थापणारी जोडपी बाजूला उभी, कोण काही बोलेना. ते वादळ तोवर किनाऱ्याला समांतर वर निघून गेलेलं, १७ तारखेच्या रात्री गुजरातला दीवजवळ चढलं. आमच्यापासनं लांब समुद्रातनं जाऊन त्यानं एवढं केलं.

मग पणजीला कामाला असलेल्या भाच्यानं हे बुलेटिन दाखवलं. म्हणाला, मामा, ढगाचं चित्र बघू नका, समुद्र बघा.

तर हे आहे कसं? सकाळी साडेआठच्या नोंदींवरनं काढतात, दुपारच्या आसपास येतं. त्यात वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक वेळ, लिहिलेली असते, त्यात साडेपाच तास मिळवायचे. बंगालचा उपसागर वेगळा, अरबी समुद्र वेगळा, कुठं ढग दाट आहेत, कुठं वारं चक्राकार फिरतंय. आणि खाली एक तक्ता, पुढच्या सात दिवसांत, २४-२४ तासांच्या रकान्यात, डिप्रेशन तयार होण्याची शक्यता किती. निल म्हणजे शून्य, लो म्हणजे ३३ टक्क्यांपर्यंत, मॉडरेट ६७ पर्यंत, त्याच्या वर हाय. मी आधी तो तक्ताच बघतो, मग वरचा मजकूर.

आता इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या कारण बरेच जण फसतात. ही शक्यता पावसाची नाही, डिप्रेशनची आहे, म्हणजे वारं ताशी ३१ किलोमीटरच्या वर गेलेलं कमी दाबाचं क्षेत्र. ६२ च्या वर गेलं की चक्रीवादळ आणि तेव्हाच त्याला नाव मिळतं. म्हणून तक्त्यात निल आहे म्हणून ताडपत्री काढून घडी घालायची नाही, साधं कमी दाबाचं क्षेत्रसुद्धा जांबोटी-कणकुंबीकडनं धो धो पाऊस आणतं, समुद्राचं वारं सह्याद्रीला धडकलं की झालं.

सगळ्यात जास्त उपयोग झाला २०२५ च्या मे महिन्यात. कर्नाटक किनाऱ्यासमोर २१-२२ तारखेच्या सुमारास कमी दाब तयार होईल आणि उत्तरेकडं सरकत वाढेल असं आधीच येत होतं. मी थापणं थांबवलं, होतं तेवढं रचून कडेनं चर मारला, वर डबल ताडपत्री, दोऱ्या दगडांना बांधल्या. शेजारचे म्हणाले मे महिन्यात एवढं कशाला. २४ मेला डिप्रेशन रत्नागिरी आणि दापोलीच्या मधनं जमिनीवर चढलं आणि त्याच दिवशी मान्सूनसुद्धा केरळात पोचला, नेहमीपेक्षा आठ दिवस आधी! मला भाताची धूळवाफ पेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत करायची ती, साधली नाही, ते नुकसान आहेच, पण माझी एकसुद्धा वीट गेली नाही.

वादळ म्हणजे पाऊसच असंही नाही हां. २०२३ च्या जूनमध्ये बिपरजॉय समुद्रात दहा दिवस रेंगाळलं, मान्सून केरळात ८ जूनला आला आणि इकडं आम्ही कोरड्या वाफ्यात बघत बसलो, बेळगाववाले राकसकोप धरणाच्या पाण्याकडं डोळे लावून. तेव्हा वादळ कुठं जातंय ते बघायचं, नुसतं आहे का नाही ते नाही. वादळ झालं की बुलेटिन दर तीन तासांनी येतं, नकाशावर वाट काढलेली असते आणि दोन्ही बाजूंनी पुढं रुंद होत जाणारा पट्टा. तो पट्टा म्हणजे वादळाचा आकार नव्हे, त्याचा मधला डोळा कुठं कुठं जाऊ शकतो ती जागा. पाऊस पट्ट्याच्या बाहेरसुद्धा पडतो.

मच्छीमारांची सूचना आमच्या बाजारातल्या मासेवाल्या मावशीसुद्धा माझ्याकडनं विचारून घेतात, वारं ताशी ४५-५५ किलोमीटर, झोत ६५ असं आलं की मालवण-वेंगुर्ल्याच्या होड्या निघत नाहीत आणि बांगडा महाग. लाटांसाठी हैदराबादच्या इन्कॉइसचं, म्हणजे समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी केंद्राचं, वेगळं येतं, ते मावशींच्या भाच्याला जास्त कामाचं, तो होडीवर आहे.

सगळं इंग्रजीत आहे हे खरं, आणि भाषा जड. मराठीत, कन्नडात यायला पाहिजे मनापासनं वाटतं, कारण भट्टीवर विटा थापणाऱ्यालाच याची खरी गरज. मी त्यांना रोज तोंडी सांगतो. आणि वळवाचा पाऊस यात मिळत नाही, दुपारी चारला नंदगडकडं ढग काळा झाला आणि पाचला भट्टीवर गारा, हे समुद्राचं काम नाही. त्यासाठी गोव्याच्या रडारचं चित्र आणि विजेसाठी दामिनी ॲप. विंडी नावाच्या हवामानाच्या ॲपवर वाऱ्याच्या रेघा छान दिसतात, युरोपचं मॉडेल आणि अमेरिकेचं मॉडेल दोन्ही उघडून बघा, आठ-दहा दिवस पुढचं दोघं वेगळं सांगत असतील तर घाबरायचं नाही, दोघं एकच सांगायला लागली की ताडपत्री बाहेर काढायची.

माझ्याकडनं पाचपैकी साडेचार, अर्धा भाषेसाठी राखून ठेवलाय. भातवाल्यांनी ऑक्टोबर अजिबात सोडू नका. २०१९ ला ऐन दिवाळीत क्यार वादळ समुद्रातच सुपर सायक्लोन झालं, गेलं ओमान-येमेनच्या बाजूला, पण जाता जाता कापून टाकलेलं भात भिजवून गेलं. कापणी धरायच्या आदल्या दिवशी तो सात रकान्यांचा तक्ता बघा, आणि वाचता येत नसेल तर संध्याकाळी भट्टीवर या, मी असतोच.