जुन्या जपानी स्पोर्ट्स कारची पुढची काच : कंपनीची आणावी, आफ्टरमार्केट घ्यावी की बनवून घ्यावी?

किणी टोलनाका ओलांडून कोल्हापूरकडे येत होतो. पुढच्या डंपरमधून खडी उडाली आणि माझ्या 1990 च्या माझदा एमएक्स-5 च्या काचेचा डाव्या कोपऱ्यात टवका उडाला. घरी पोचेपर्यंत तो टवकाच होता. दुसऱ्या दिवशी गाडी उन्हात तापली आणि त्यातून वीतभर तडा निघून थेट कडेला भिडला. ही गाडी काकांनी इंग्लंडहून परतताना सोबत आणलेली. माझदाने भारतात कधी कार विकल्या नाहीत, त्यामुळे शोरूमला फोन करून काच मागवायची सोयच नाही. पुढचे तीन महिने मी हाच एक विषय घेऊन बसलो होतो. तुमच्यावर हीच वेळ आली असेल तर ते तीन महिने वाचावेत म्हणून हे लिहितोय.

काच बदलायची की नाही, हा निर्णय पहिल्या दिवशीच घ्यायचा असतो. टवका नाण्यापेक्षा लहान असेल, कडेपासून लांब असेल आणि ड्रायव्हरच्या नजरेसमोर नसेल, तर रेझिन भरून काम भागतं. मात्र त्यात पाणी आणि धूळ गेली की रेझिन नीट धरत नाही. म्हणून टवका उडाल्या उडाल्या त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा. मी ती लावली नाही, आणि त्याची मला आजही हळहळ वाटते. तडा एकदा कडेला पोचला की दुरुस्तीचा नाद सोडायचा.

आता काचेचं. पहिला पर्याय गाडीच्या कंपनीच्या मूळ काचेचा. जपानी कंपन्यांनी जुन्या गाड्यांचे काही पार्ट पुन्हा काढायला घेतलेत. पहिल्या पिढीच्या एमएक्स-5 साठी माझदाने 2017 मध्ये रिस्टोरेशनची योजना जाहीर केली, निसानच्या स्कायलाइन जीटी-आरसाठी त्यांच्याच निस्मोने हेरिटेज पार्ट आणले आणि टोयोटाने 2020 पासून सुप्रासाठी. त्यामुळे चॅसिस नंबर देऊन आधी तिकडे विचारून बघा. शोधताना सगळी नावं वापरा: माझीच गाडी जपानात युनोस रोडस्टर, अमेरिकेत मियाटा आणि युरोपात एमएक्स-5. मूळ काचेचा बाक फ्रेमला चपखल बसतो आणि वरच्या रंगीत पट्ट्याची छटाही जुळते.

अडचण वाहतुकीची आहे. काचेचं वजन फार नसतं, पण विमानभाडं पेटीच्या आकारावर लागतं. 150 बाय 90 बाय 25 सेंटिमीटरची लाकडी पेटी धरा. गुणाकार करून 6000 ने भागलं की 56 किलो येतात, पेटी खरी त्याच्या निम्मीसुद्धा भरत नसली तरी. त्यावर कस्टम ड्युटी. मला आलेल्या कोटेशनमध्ये पेटी आणि भाडं मिळून काचेच्या किमतीपेक्षा जास्त होत होतं. समुद्रमार्गे स्वस्त पडतं, पण न्हावाशेव्याला माल उतरून सुटेपर्यंत दम धरावा लागतो. आणि वाटेत काच फुटली तर सगळं पहिल्यापासून.

दुसरा पर्याय आफ्टरमार्केट, म्हणजे गाडीच्या कंपनीची नसलेल्या, दुसऱ्याच कुणी बनवलेल्या नव्या काचेचा. यात बहुतेक माल चिनी असतो आणि तेवढ्यावरूनच लोक नाक मुरडतात. मीही आधी मुरडलं होतं. पण फुयाओसारखी चिनी कंपनी मोठमोठ्या गाडी उत्पादकांना थेट काचा पुरवते. तेव्हा देश बघू नका, कोपऱ्यातला शिक्का बघा. वर्तुळातला इंग्रजी ई म्हणजे काचेला मान्यता आहे, आणि त्यापुढचा आकडा ती मान्यता देणाऱ्या देशाचा. 43 जपानचा, 11 ब्रिटनचा. आयात करताना हीच काच चार-पाच एकत्र मागवणारा कुणी भेटला तर एकट्याच्या अंगावर येणारा पेटीचा खर्च वाटला जातो. जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींशी ओळख ठेवायचा खरा फायदा इथे होतो.

तिसरा पर्याय जुनी काच नमुना म्हणून देऊन नवी बनवून घेण्याचा. व्हिंटेज गाड्यांसाठी अशा काचा आपल्याकडे बनतात. सपाट काच असलेली जुनी जीप असेल तर हाच मार्ग उत्तम, त्यात आयातीचा विचारही करू नका. पण स्पोर्ट्स कारची काच दोन्ही बाजूंनी वळलेली आणि बरीच कललेली असते. ती साच्यावर तापवून वाकवावी लागते. बाक किंचित हुकला तरी नजरेला खटकतं. पैसे देण्याआधी एक करा: गाडीत बसते त्या कलत्या कोनात काच धरायला सांगा आणि तिच्यातून समोरच्या खिडकीचे गज बघत डोकं हळूहळू डावी-उजवीकडे न्या. मी बघितलेल्या नमुन्यात मधले गज सरळ होते, कडेचे पाण्यात बुडवल्यासारखे लवत होते. रात्री हायवेवर समोरून ट्रकचे दिवे येत असताना अशी काच नको. मी नको म्हटलं.

कुणी टफन्ड काच स्वस्तात देतो म्हणाला तर तिथून उठा. पुढची काच लॅमिनेटेडच हवी, मोटार वाहन नियमच तसा आहे. लॅमिनेटेड म्हणजे दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा. फुटली तरी तुकडे त्याला धरून राहतात आणि समोरचा रस्ता दिसतो. टफन्ड फुटली की क्षणात साबुदाणा होतो.

सेकंड-हँड काच आमच्या गाडीला भारतात मिळणं जवळपास अशक्य. मित्सुबिशीच्या सेडिया, लान्सरसारख्या इथे विकल्या गेलेल्या गाड्यांना कुर्ल्याला सीएसटी रोडला मिळू शकते. फक्त वायपरचे चरे उन्हात धरून बघा. खोल चरा पॉलिश करून काढला की तिथे खळगा पडतो आणि समोरचं तेवढंच वाकडं दिसतं.

इथवर मी काचेचाच घोळ घालत होतो. तो सोडवला उद्यमनगरातल्या काच बसवणाऱ्या चाचांनी. त्यांनी काच बघितलीच नाही. डॅशबोर्डवर आडवे होऊन, बोटाने खालच्या कडेचं रबर उचलून आत टॉर्च मारला आणि म्हणाले, "काच कुठलीबी आणा साहेब, पर आदी हितं खाली काय कुजलंय ते बघाय पायजे." रबराखाली तपकिरी पापुद्रे सुटत होते. तीस-पस्तीस पावसाळे काढलेल्या गाडीत हे असणारच. काच पेस्टिंगची असेल तर ती फ्रेमच्या पत्र्याला युरेथेन नावाच्या गोंदाने चिकटलेली असते, आणि गंजावर चिकटवलेली काच म्हणजे सुटणाऱ्या पापुद्र्यावर चिकटवलेली काच.

म्हणून दुसरी तुलना बसवणाऱ्यांची, आणि माझ्या मते हीच मोठी. डॅटसन 240झेडसारख्या गाडीला रबरात बसवलेली काच असते. रबराच्या खाचेत दोरी घालून आतून ओढत बसवायची ही पद्धत ट्रक-बसवर हात बसलेल्या आपल्या माणसांना झोपेतही येते. तिथे मोठ्या शहरात जायची गरज नाही. पेस्टिंगच्या काचेला मात्र चार प्रश्न विचारा. जुनी काच तारेने कापणार का? पत्र्यावरचा जुना युरेथेनचा एक-दोन मिलिमीटर थर ठेवणार का? प्राइमर लावणार का? आणि चिकटवायला ट्यूब कसली वापरणार? उत्तर 'सिलिकॉन' आलं तर गाडी तिथे लावू नका. व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं सिलिकॉन पत्रा खातं, आणि त्याचा अंश राहिला की पुढे युरेथेनही धरत नाही. एका नावाजलेल्या वर्कशॉपने मला काम दोन तासांत करून लगेच चावी देतो म्हटलं. युरेथेन हवेतल्या ओलाव्यावर कडेकडून आत वाळत जातं, साधारण दिवसाला तीन मिलिमीटर. झटपट वाळणारी ट्यूब असेल तर गोष्ट वेगळी, पण तिच्यावर लिहिलेली वेळ वाचायला मागा.

विम्याचंही आधी बघा. थर्ड पार्टीच असेल तर काचेला काही मिळत नाही. फुल पॉलिसीत काचेला घसारा लागत नाही, रबर-प्लॅस्टिकला मात्र 50 टक्के लागतो. आयात काचेचं बिल किती मान्य होईल हे मागवण्याआधी लेखी घ्या. क्लेमने नो क्लेम बोनस जातो, तेव्हा तोही हिशोबात धरा.

मी आफ्टरमार्केट घेतली, ई-शिक्क्याची. मूळ काच न आणल्याने वाचलेले पैसे फ्रेमवर घातले: डेंटरकडून कुजलेला पत्रा कापून नवा जोडला, रंग पूर्ण वाळू दिला, मग चाचांनी काच बसवली. कडेचं नवं रबर मात्र मूळ कंपनीचंच आणलं, त्यात तडजोड करू नका. ते छोट्या खोक्यात येतं आणि आयातीला परवडतं. तुमची गाडी अगदी मूळ अवस्थेत जपलेली असेल, प्रत्येक काचेवरचा शिक्का जुळलेला असेल, तर जपानची काच आणाच, तो खर्च सार्थकी लागेल. रोज-आठवड्याला चालवणाऱ्याने माझी वाट धरावी. काम मे अखेरपर्यंत उरका. एकदा पाऊस लागला की उघडी फ्रेम कोरडी ठेवणं कठीण.

पुण्या-मुंबईहून काच आणताना ती आडवी ठेवू नका. उभी, कडेवर, दोन्ही बाजूंनी गादी लावून. बसवल्यावर युरेथेन पुरतं वाळलं की पाइपने पाणी मारा आणि आतून कडेकडेने टिश्यू पेपर फिरवा, ओल तिथे लगेच दिसते. आणि जुनी काच लगेच भंगारात देऊ नका. माझी अजून माळ्यावर उभी आहे, तड्यासकट. उद्या नवीला काही झालं आणि बाहेरची वाट बंद असली, तर साच्यासाठी नमुना म्हणून तीच लागेल.