डोक्याचा मुका मार: बालरुग्णालयांची फुकट पत्रकं आणि त्यांच्या अटी

कबड्डीच्या पकडीत दोन डोकी आदळली, पोरगं मटकन खाली बसलं. रक्त नाही, टेंगूळ नाही. आपल्याकडे याला मुका मार म्हणतात, तोंडावर पाणी मारतात आणि पुढच्या चढाईला पोराला परत उभं करतात. हाच मार कंकशन असू शकतो, म्हणजे धक्क्याने मेंदूच्या कामात तात्पुरता आलेला बिघाड. तो सीटी स्कॅनमध्ये सहसा दिसत नाही आणि बहुतेक मुलांची शुद्धही हरपत नाही. म्हणून तो ओळखायची जबाबदारी मशीनवर टाकता येत नाही. ती मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या क्रीडाशिक्षकावर किंवा तालमीतल्या वस्तादावरच येते.

त्यांना शिकवण्यासाठी अमेरिका आणि कॅनडातल्या बालरुग्णालयांनी भरपूर साहित्य इंटरनेटवर मोफत ठेवलं आहे. फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयाचा ‘माइंड्स मॅटर’ हा कार्यक्रम आहे. व्हँकुव्हरच्या बीसी चिल्ड्रन्स हॉस्पिटलशी जोडलेलं ‘कॅट’ हे ऑनलाइन प्रशिक्षण आहे. याशिवाय पालकांसाठी, शिक्षकांसाठी आणि प्रशिक्षकांसाठी वेगवेगळी एकपानी पत्रकं मिळतात. मजकुराबद्दल फार बोलायची गरज नाही. तो चांगला आहे, नेमका आहे आणि घाबरवत नाही. मराठवाड्यातली शाळा अडते ती पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेल्या वापराच्या अटींवर, म्हणून हे परीक्षण मुख्यतः त्या अटींचं आहे.

या अटी इतक्या कडक का, हे त्यांच्या जन्मात आहे. झॅकरी लिस्टेट हा १३ वर्षांचा अमेरिकन फुटबॉल खेळाडू २००६ मध्ये डोक्याला मार लागल्यावर पुन्हा मैदानात उतरला आणि त्याच्या मेंदूला गंभीर इजा झाली. त्याच्या नावाने वॉशिंग्टन राज्यात २००९ मध्ये कायदा झाला आणि पुढे अमेरिकेच्या सगळ्या राज्यांनी तसेच कायदे केले. त्यामुळे तिथल्या अनेक पत्रकांवर पालकांच्या सहीची ओळ असते. सही घेतलेला कागद उद्या पुरावा ठरू शकतो, म्हणून त्यातला शब्दन् शब्द जपून लिहिलेला असतो. तो बदललेला त्यांना चालत नाही.

अशा अटींचा साचा बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. वैयक्तिक आणि शैक्षणिक कामासाठी, नफा न घेता, मजकुरात बदल न करता आणि श्रेय देऊन वापरा. आमचं नाव किंवा चिन्ह आमच्या संमतीविना लावू नका. हा वैद्यकीय सल्ला नव्हे. वाद झालाच तर न्यायालय आमच्या राज्यातलं. मुख्याध्यापकांनी इंग्रजी पत्रक डाउनलोड करून स्टाफरूममध्ये चिकटवलं, पालकसभेत दहा प्रती वाटल्या, तर यातलं काहीही आड येत नाही. अडचण त्याच्या पुढच्या पायरीवर सुरू होते.

‘बदल न करता’ या तीन शब्दांत भाषांतरही येतं. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १४ नुसार भाषांतराचा हक्क मूळ हक्कधारकाकडेच असतो, आणि परदेशी कृतींनाही भारतात हे संरक्षण मिळतं. कलम ५२ शिक्षकाला शिकवण्याच्या ओघात कृतीची प्रत काढू देतं. पुस्तकांतल्या भागांच्या प्रती काढून विद्यार्थ्यांना देण्याबद्दलच्या, दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये या सवलतीचा अर्थ बराच व्यापक लावला. तरीही वर्गातल्या फळ्यावर मराठीत समजावून सांगणं वेगळं, आणि मराठी पत्रक छापून तालुक्याच्या स्पर्धेत पाच हजार प्रती वाटणं वेगळं. दुसऱ्या कामासाठी त्या कलमावर विसंबून राहू नये.

चित्रांचं आणखी वेगळं असतं. पत्रकातले फोटो अनेकदा रुग्णालयाने दुसऱ्या कंपनीकडून परवान्यावर घेतलेले असतात. मजकुराची परवानगी मिळाली म्हणजे चित्राचीही मिळाली, असं धरून चालता येत नाही. व्हिडिओला मराठी आवाज देणं किंवा मराठी ओळी जोडणं हेही बदल करण्यातच मोडतं. व्हिडिओ उतरवून व्हॉट्सअॅपवर फिरवण्यापेक्षा दुवा पाठवावा. दुव्याला सहसा कोणाची हरकत नसते आणि उघडणाऱ्याला नेहमी ताजी आवृत्ती मिळते. भित्तिपत्रकावर क्यूआर कोड छापणं ही त्यातली सगळ्यात निर्धोक सोय.

आपल्याकडे सर्रास होणारी आणि अटींना थेट मोडणारी गोष्ट म्हणजे पत्रकावर आपलं नाव चढवणं. खाली क्लासचा लोगो, वर प्रायोजक दुकानाची पट्टी, कोपऱ्यात पुढाऱ्याचा फोटो. रुग्णालयाच्या नजरेत याचा अर्थ असा की त्यांनी या क्लासला किंवा या माणसाला मान्यता दिली. फुकट वाटलं तरी प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत घातलेलं पत्रक जाहिरात ठरू शकतं. शाळेचं नाव हवंच असेल तर ते वेगळ्या कागदावर, सोबतच्या पत्रात द्यावं.

आता बालरुग्णालयांच्या शेजारी आणखी दोन साहित्यं ठेवून बघू. सीडीसी या अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्यसंस्थेचा ‘हेड्स अप’ हा संच सरकारी आहे. त्यातला बहुतेक मजकूर कॉपीराइटमुक्त असल्याचं सीडीसी स्वतः सांगते. श्रेय द्यायचं, सीडीसीने आपल्याला मान्यता दिल्याचा भास होऊ द्यायचा नाही, त्यांचं चिन्ह वापरायचं नाही आणि मूळ मजकूर त्यांच्या संकेतस्थळावर मोफत मिळतो हे नमूद करायचं. मराठीत आणायचं असेल तर सुरुवात इथून करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. दुसरं आहे ‘सीआरटी ६’ हे कंकशन ओळखायचं, खिशात मावणारं पत्रक. ते खेळातल्या कंकशनवरच्या, ऑक्टोबर २०२२ मधल्या अॅमस्टरडॅम परिषदेतून आलं आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. आहे तसं कितीही वाटा, पण भाषांतर, डिजिटल रूपांतर, नवं नाव-चिन्ह किंवा विक्री यांसाठी लेखी परवानगी लागते. पंचाच्या खिशात इंग्रजी प्रत ठेवावी आणि तिच्यावरून तोंडी मराठीत समजावून सांगावं. याच परिषदेतून आलेली ‘स्कॅट ६’ आणि ८ ते १२ वर्षांच्या मुलांसाठीची ‘चाइल्ड स्कॅट ६’ ही तपासणीची साधनं डॉक्टरांसाठी आहेत. ती शिक्षकाच्या हाती देऊन गुण मांडायला लावू नयेत.

तिसरी वाट आपण फारच कमी धरतो. माहितीवर कोणाचा कॉपीराइट नसतो, तो मांडणीवर असतो. वारंवार उलटी हे धोक्याचं लक्षण आहे, ही गोष्ट कोणीही आपल्या शब्दांत लिहू शकतो. दोन-तीन संच वाचून बाजूला ठेवावेत, मराठी पत्रक कोऱ्या कागदावर पहिल्यापासून लिहावं आणि बालरोगतज्ज्ञ किंवा मेंदूशल्यचिकित्सक यांच्याकडून तपासून घ्यावं. समोर ठेवून वाक्याला वाक्य उतरवलं तर तो अनुवादच झाला, शब्द बदलले तरी.

स्वतः लिहिण्याचा आणखी एक फायदा म्हणजे भाषा आपली राहते. ‘डिझी’साठी नुसतं ‘चक्कर’ लिहिलं की घोटाळा होतो, कारण चक्कर येऊन पडला म्हणजे अनेकांच्या लेखी बेशुद्ध पडला. ‘गरगरतंय, भोवळ आल्यासारखं होतंय’ असं लिहावं. ‘फॉगी’चं ‘धुक्यात असल्यासारखं’ कोणतंच पोरगं म्हणत नाही. ते म्हणतं, ‘डोकं बधिर झालंय, काही सुधरंना.’ ‘दुहेरी दृष्टी’ऐवजी ‘एकाचे दोन दिसतात’. ‘सौम्य इजा’ हा शब्दप्रयोग शीर्षकात तर अजिबात नको. पालक ‘सौम्य’ वाचतात आणि कागद घडी करून ठेवतात. ‘फिटनेस सर्टिफिकेट’ म्हटलं की न तपासता सही केलेला कागद चालतो असं वाटतं, म्हणून ‘डॉक्टरांनी तपासून दिलेली लेखी परवानगी’ असं पूर्ण लिहावं.

मार लागल्यावर विचारायचे प्रश्नही खेळाप्रमाणे बदलायचे असतात. आत्ता आपण कुठल्या मैदानावर आहोत? पहिला डाव चालू आहे की दुसरा? शेवटचा गुण कोणी मिळवला? मागचा सामना कोणाशी होता, जिंकलो का? उत्तरं चुकली तर खेळ तिथेच थांबला. मात्र सगळी बरोबर आली म्हणून कंकशन नाही असं ठरत नाही. शंका आली एवढं कारण बाहेर बसवायला पुरेसं आहे. मानदुखी, झटके, शुद्ध हरपणं, वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, एकाचे दोन दिसणं, हातापायांत मुंग्या किंवा कमजोरी, वाढता गोंधळ किंवा चिडचिड यातलं काहीही दिसलं तर थेट १०८. मान दुखत असेल तर मुलाला उठवून बसवू नये, मोटारसायकलवर मध्ये बसवून तर नेऊच नये. कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नये.

परदेशी पत्रक जसंच्या तसं वाटलं तर काही जागी ते आपल्या माणसाला चुकीच्या दारात नेतं. त्यात ९११ हा क्रमांक असतो. ‘अॅथलेटिक ट्रेनरला सांगा’, ‘स्कूल नर्सकडे पाठवा’ असं लिहिलेलं असतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत हे दोघेही नसतात, तिथे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा उपजिल्हा रुग्णालय लिहावं लागतं. औषध टायलेनॉल या नावाने दिलेलं असतं, ते आपलं पॅरासिटामॉल. मजकुराला हात लावायची परवानगी नसेल तर या चार गोष्टींची मराठी चिठ्ठी वेगळी छापून सोबत द्यावी.

जुन्या आवृत्तीचा धोका याहून मोठा. लक्षणं जाईपर्यंत अंधाऱ्या खोलीत पडून राहा, असं सांगणारी पत्रकं अजून फिरतात. आताचा सल्ला वेगळा आहे. पहिले २४ ते ४८ तास बेताची विश्रांती, घरातल्या घरात हिंडणं-फिरणं चालतं, मोबाइल कमी. मग हळूहळू अभ्यास आणि हलका व्यायाम. मुलाने आपल्या त्रासाला शून्य ते १० मध्ये दिलेले गुण आधीपेक्षा २ हून जास्त वाढले किंवा वाढलेला त्रास तासाभरात ओसरला नाही तर त्या दिवशी थांबायचं. लातूर किंवा संभाजीनगरच्या वसतिगृहात राहून दिवसभर क्लास करणाऱ्या मुलासाठी यातला अभ्यासाचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. आधी पूर्ण वेळ वर्ग झेपला पाहिजे, त्यानंतर मैदानावरचा पूर्ण खेळ. खेळाच्या सहा पायऱ्या आहेत आणि प्रत्येकीला किमान २४ तास द्यायचे असतात. रोजची साधी हालचाल, मग चालणं-पळणं, मग एकट्याने चढाईचा सराव, मग गटात पण अंगाला अंग न लावता, मग पकडीसह सराव आणि शेवटी सामना. चौथ्या पायरीआधी सगळी लक्षणं गेलेली असावीत आणि डॉक्टरांची परवानगी हातात असावी. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी आठवडा जातोच, आणि मुलांना अनेकदा चार आठवड्यांपर्यंत वेळ लागतो. तालुका जिंकून चार दिवसांनी जिल्ह्याला जायचं असेल तर तो खेळाडू संघात नसणार, हे संघ निवडतानाच मान्य करावं.

एखाद्या रुग्णालयाचंच पत्रक मराठीत हवं असेल तर परवानगीचं पत्र मोघम लिहू नये. पत्रकाचं नेमकं नाव आणि त्यावरची आवृत्तीची तारीख, भाषा, प्रतींची संख्या, कोणत्या जिल्ह्यांत आणि किती काळ वाटणार, मोफत वाटणार हे स्पष्ट वाक्य, छपाईचा खर्च कोण करणार, अनुवाद कोण करणार, वैद्यकीय तपासणी कोण करणार, चित्रं ठेवणार की काढणार, आणि मराठी मजकूर पुन्हा इंग्रजीत करून तुम्हाला दाखवू ही तयारी. इतकं दिलं की समोरच्याला उलट प्रश्न विचारत बसावं लागत नाही. उत्तर येईपर्यंत छपाई थांबवावी. मौन म्हणजे संमती नव्हे. परवानगी आली की तिचं छापील पत्र फाइलला लावावं आणि त्यात सांगितलेली श्रेयाची ओळ शब्द न बदलता पत्रकाच्या पहिल्याच पानावर घ्यावी. मागच्या पानावर टाकली तर पाठवताना तीच कापली जाते. व्हॉट्सअॅपवर अर्धा कापलेला फोटो फिरतो तेव्हा तारीख, इशारा आणि श्रेय तिन्ही गळतात, म्हणून तारीख तळाशी न टाकता शीर्षकाच्या शेजारी छापावी.